पार पडले आणि पार पाडले

दि. ३ जून १९७२ रोजी ‘नीलगिरी’ ही युद्धनौका भारतीय नौदलात दाखल झाली. ब्रिटिश ‘लिअँडर’ वर्गाच्या आराखड्यावरून मुंबईच्या माझगाव गोदीत ती बांधली गेली. केंद्र शासनाने ही गोदी १९६० मध्ये ताब्यात घेतली होती आणि अशी फ्रिगेट यापूर्वी देशात बांधलेली नव्हती. अशा अवघड कार्यातील यश इंग्रजीत कसे सांगावे, हा प्रश्न शिक्षक व अधिकारी यांना नेहमीच पडतो.

आपण सहज ‘कुड बिल्ड’ असे लिहितो, कारण मराठीत ‘बांधू शकलो’ म्हटले की काम झाले असाच अर्थ होतो. इंग्रजीत मात्र ‘कुड’ हा शब्द सामान्यतः केवळ क्षमता दर्शवितो. नौका प्रत्यक्ष बांधली गेली की नाही, हे त्यातून कळत नाही. एका विशिष्ट प्रसंगीचे यश सांगावयाचे तर ‘वॉज एबल टू बिल्ड’ म्हणावे. अडचणींवर मात केल्याचे सुचवावयाचे असेल, तर ‘मॅनेज्ड टू बिल्ड’ योग्य. प्रयत्नांती आलेल्या यशाची औपचारिक नोंद करताना ‘सक्सीडेड इन बिल्डिंग’ असे लिहावे. ‘सक्सीडेड टू बिल्ड’ ही रचना अशुद्ध होय. ‘पुल्ड इट ऑफ’ हा प्रयोग बोलण्यात शोभतो, शासकीय पत्रात नव्हे. नकारार्थी वाक्यात मात्र ‘कुड नॉट’ निःशंकपणे वापरावे.

मराठीही या बाबतीत संपन्न आहे. ‘तड’ म्हणजे काठ, ‘पार’ म्हणजे पलीकडचा तीर. त्यामुळे ‘तडीस नेणे’ व ‘पार पाडणे’ या प्रयोगांत पाणी ओलांडण्याचे कष्ट सामावलेले आहेत. तथापि ‘काम पार पडले’ असे लिहिताच कर्ता नाहीसा होतो, तर ‘पार पाडले’ म्हटले की ते कोणी, हे सांगावेच लागते. गावाची पाणीपुरवठा योजना असो वा शाळेची इमारत, अहवालात हा भेद पाळला गेला तर राबणाऱ्यांचे श्रेय त्यांना मिळते.

‘नीलगिरी’ने १९९६ मध्ये सेवानिवृत्ती घेतली. त्याच नावाची, त्याच गोदीत बांधलेली नवी युद्धनौका १५ जानेवारी २०२५ रोजी नौदलात दाखल झाली. हे कार्य आपोआप पार पडले नाही. माझगावच्या अभियंत्यांनी, जोडाऱ्यांनी आणि वेल्डरांनी ते पार पाडले. दोन्ही भाषांत त्याची नोंद तशीच व्हावयास हवी.