दप्तराबाहेरच्या माणसांचा इतिहास

सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावी वाढणाऱ्या एखाद्या मुलाला आपले मन मुलीऐवजी मुलाकडे ओढ घेते असे उमगले, तर त्याने आपल्यासारखी माणसे कोठे शोधावयाची? पाठ्यपुस्तकात ती नाहीत. घरात हा विषय निघत नाही. साहजिकच जगात आपण एकटेच असे आहोत, अशी त्याची समजूत होते. ती किती जीवघेणी ठरू शकते, हे सांगावयास नको.

इतिहास कागदपत्रांवर उभा राहतो, ही राजवाड्यांची शिकवण. परंतु ज्यांची नोंद दप्तरात गुन्हेगार म्हणूनच व्हावयाची, त्यांनी कागद जपावेत कसे? १८६० च्या दंड संहितेतील कलम ३७७ ची टांगती तलवार ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दूर केली. तोवर तुरुंगाची आणि बदनामीची धास्ती असलेला माणूस पत्रे जपण्याऐवजी जाळणेच पसंत करणार!

हा इतिहास अखेर त्या समाजातूनच लिहिला जावा लागतो. अमेरिकेत ॲलन बेरुबे यांनी ते केले. त्यांच्यापाशी ना पदवी होती, ना विद्यापीठातील आसन. दुसऱ्या महायुद्धातील समलिंगी सैनिकांची पत्रे आणि आठवणी त्यांनी गोळा केल्या, त्या सामान्य श्रोत्यांपुढे स्लाइड दाखवून मांडल्या आणि १९९० साली त्यांवर ग्रंथ सिद्ध केला.

बेरुबे यांची कर्मभूमी सॅन फ्रान्सिस्को. त्याच परिसरात, संगणक क्षेत्रातील नोकरीच्या काळात, बिंदुमाधव खिरे यांचा 'त्रिकोण' या दक्षिण आशियाई समलिंगींच्या संघटनेशी संबंध आला. पुण्यास परतून त्यांनी २००२ साली 'समपथिक ट्रस्ट' स्थापन केला. खिरे रूढार्थाने इतिहाससंशोधक नव्हेत. तथापि 'इंद्रधनु' या ग्रंथात त्यांनी या विषयाची सर्वांगीण माहिती मराठीत आणली. 'मनाचिये गुंती'मध्ये समलिंगी मुलांच्या आईवडिलांचे अनुभव नोंदविले. उद्याच्या इतिहासकाराचे हेच दप्तर होय.

हे पाश्चात्त्य खूळ आहे, असा आक्षेप घेतला जातो. मग र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाला वाचकांनी याविषयी प्रश्न विचारले, ते का? अशा प्रश्नांच्या उत्तरांबद्दलच कर्वे यांच्यावर खटला झाला आणि १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. प्रश्न विचारणारी माणसे येथेच होती. नव्हती ती केवळ त्यांची नोंद.

कायदा बदलला, म्हणून गावाची नजर आपोआप बदलत नाही. परंतु महाविद्यालयाच्या ग्रंथालयात असे एखादे पुस्तक ठेवण्यास न्यायालयाच्या निकालाची आवश्यकता नाही. ग्रंथपालाची आणि प्राध्यापकांची इच्छा पुरेशी आहे. ते पुस्तक कोणी उघडपणे मागणार नाही. एखादा विद्यार्थी कपाटाआड उभा राहून चार पाने वाचील आणि आपण एकटे नाही, एवढे जाणून घरी जाईल. त्या पुस्तकाच्या किमतीचा याहून चांगला मोबदला कोणता?