अल्पखर्ची लघुपटनिर्मितीतील कलावंत व तंत्रज्ञ : निवड आणि व्यवस्थापन (पुणे शहराच्या संदर्भात)

प्रस्तावना :
लघुपट हे आज महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या अभिव्यक्तीचे एक महत्त्वाचे माध्यम झाले आहे. कॅमेरा सुलभ झाला, संकलन घरच्या संगणकावर होऊ लागले. माणसे मात्र पूर्वीइतकीच मोलाची राहिली. विद्यार्थ्यांचे लघुपट अपुरे राहतात ते बहुधा तंत्राअभावी नव्हे, तर माणसांची घडी न बसल्यामुळे, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. सदर लेखात या बाजूचा विचार करावयाचा आहे.

पूर्वपरंपरा :
१९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यास आली. तेथे नटनटी, तंत्रज्ञ व कारागीर मासिक वेतनावर असत. आपले उद्याचे काम आणि महिन्याचे उत्पन्न त्यांना ठाऊक असे. त्याच आवारात १९६० मध्ये चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू झाली. विद्यापीठाचे ललित कला केंद्र आणि १९६३ पासूनची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा यांमुळे शहरात अभिनयाची जाण असलेली तरुण पिढी सतत घडत राहिली. म्हणजे पुण्यात माणसांची वाण नाही. वाण आहे ती प्रभातमध्ये असलेल्या निश्चितीची. तीन दिवसांसाठी एकत्र आलेल्या चमूला ही निश्चिती केवळ स्पष्ट शब्दांतूनच देता येते.

तंत्रज्ञांची निवड :
पैसा थोडा असता चमू लहान ठेवावा. परंतु एका व्यक्तीवर परस्परविरोधी कामे लादू नयेत. दिग्दर्शकानेच जेवणाची व्यवस्था पाहिली की दोन्ही बिघडतात. छायाचित्रणकार, ध्वनिमुद्रक, निर्मिती व्यवस्थापक आणि कंटिन्युइटीची नोंद ठेवणारा सहायक या चार जागा स्वतंत्र असाव्यात. यांतही ध्वनिमुद्रकाची उपेक्षा सर्वाधिक होते. चित्रातील उणीव प्रेक्षक शैली समजून सोडून देतो. संवाद ऐकू न आल्यास तो कथेबाहेर पडतो. म्हणून एकच व्यक्ती मोबदला देऊन आणणे शक्य असेल, तर ती ध्वनिमुद्रक असावी.

कलावंतांची निवड :
नागराज मंजुळे यांचा 'पिस्तुल्या' हा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त लघुपट या संदर्भात अभ्यसनीय आहे. त्यातील सूरज पवार हा मुलगा व्यावसायिक नट नव्हता. पुढे 'फँड्री' व 'सैराट' (२०१६) यांतही तो दिसला. कथा ज्या परिसराची, तेथेच चेहरा शोधावा, हा त्याचा बोध होय. रंगभूमीवरील विद्यार्थी पाठांतरात व शिस्तीत सरस असतो. मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोचवण्याची त्याची सवय कॅमेऱ्यासमोर मोठी वाटते. म्हणून निवडचाचणी प्रत्यक्ष कॅमेऱ्यावर घ्यावी आणि एकच प्रसंग दोन निरनिराळ्या सूचना देऊन करवून घ्यावा. सूचना ऐकून बदलू शकणारा कलावंत पहिल्याच वेळी चमकणाऱ्यापेक्षा अधिक उपयोगी ठरतो. करंडकाच्या तालमींच्या काळात मात्र चित्रीकरण ठेवू नये.

चौदा वर्षांखालील मुलांबाबत २०१७ च्या नियमांनी बंधने घातली आहेत : दिवसाला पाच तासांहून अधिक काम नाही, विश्रांतीविना सलग तीन तासांहून अधिक नाही, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी आवश्यक आणि उत्पन्नाचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत. 'घरचेच मूल आहे' ही सबब येथे पुरेशी नाही.

करार आणि मानधन :
प्रताधिकार अधिनियम, १९५७ अन्वये हक्कांचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीनिशी असावे लागते. मुदत न लिहिल्यास ती पाच वर्षे व क्षेत्र न लिहिल्यास ते भारतापुरते मानले जाते. परदेशी महोत्सवाचे स्वप्न पाहणाऱ्या लघुपटाची वाट संगीतकाराच्या एका न घेतलेल्या सहीमुळे अडू शकते. कलावंताचीही लेखी संमती घ्यावी. एक पानाचे मराठी पत्र पुरेसे आहे : काम कोणते, दिवस किती, मोबदला किती किंवा नाही, श्रेयनामावलीत उल्लेख कसा, लघुपट कोठे दाखवणार.

मानधन देणे शक्य नसले तरी जेवण व प्रवासखर्च टाळू नये. चौदा जणांचा चमू व तीन दिवस गृहीत धरल्यास, माणशी रोज २५० रुपये जेवणाचे व १०० रुपये प्रवासाचे, असे १४,७०० रुपये होतात. ही रक्कम अंदाजपत्रकात प्रथम लिहावी. भाड्याच्या लेन्सचा विचार त्यानंतर करावा.

चित्रीकरणकाळातील व्यवस्थापन :
आदल्या सायंकाळी प्रत्येकास कॉलशीट मिळावी. ज्याचे काम दुपारी, त्यास सकाळी सातला बोलावू नये. बारा तासांची मर्यादा पाळावी. रात्री उशीर झाल्यास विद्यार्थिनींना घरी पोचवण्याची जबाबदारी नावानिशी एकावर सोपवावी. तक्रार कोणाकडे करावयाची, हेही पहिल्याच दिवशी सांगावे.

येथे एक अनुभव नोंदवणे आवश्यक वाटते. प्रस्तुत लेखकाच्या मार्गदर्शनाखालील एका लघुपटात द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने चार दिवस वेशभूषा व कंटिन्युइटी सांभाळली. घरून आणलेल्या तिच्या आईच्या दोन साड्याही त्यात वापरल्या गेल्या. प्रदर्शनाच्या वेळी श्रेयनामावलीत तिचे नाव नव्हते. यादी घाईत तयार झाली होती आणि ती तपासण्याचे काम माझे होते. तिने काहीच विचारले नाही. पुढील उपक्रमांस मात्र ती आली नाही. नाव नंतर घातले गेले, परंतु पहिल्या प्रदर्शनास तिची आई सभागृहात बसली होती, ही गोष्ट त्याने बदलली नाही. तेव्हापासून आमच्याकडे श्रेयनामावली चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी लिहिली जाते व शेवटी प्रत्येकाकडून वाचून घेतली जाते.

समारोप :
'मानधन' या शब्दात धनाआधी मान आहे. धन नसेल तेव्हा मान देण्याची जबाबदारी वाढते, कमी होत नाही. महाविद्यालयांनी लघुपट उपक्रमासाठी संमतिपत्राचा नमुना, जेवण-प्रवासाची किमान तरतूद आणि एक उत्तरदायी प्राध्यापक एवढी व्यवस्था केली, तरी पुष्कळ साधेल. लघुपट पंधरा मिनिटांत संपतो. त्यासाठी राबलेल्या विद्यार्थ्यास आपण कसे वागवले, हे शिक्षण मात्र त्याच्यासोबत दीर्घकाळ राहते.