फांदी सरकवली, अंतराचं काय?

वन्यजीव छायाचित्रणावर कुठेही बोललं, की प्रश्नोत्तरांच्या वेळी एक प्रश्न हमखास येतो. "फोटो चांगला आलाय, फक्त ती एक फांदी नको तिथे आलीय. थोडी बाजूला घेता येईल का?" काढून टाकायची नाही हं, बाजूला घ्यायची. विचारणाऱ्याच्या मनात असं असतं, की काढून टाकणं ही लबाडी, पण सरकवणं म्हणजे नुसती आवराआवर. पाहुणे येणार म्हणून आपण खुर्ची भिंतीकडे सरकवतो ना, तशी. आमचं म्हणणं जरा उलटं आहे. वन्यजीवांच्या फोटोत सरकवणं हे कधीकधी काढून टाकण्यापेक्षाही जास्त काही बदलून जातं. ते कसं, हे कळायला आधी सॉफ्टवेअर आत काय करतं ते बघू.

खुर्ची सरकवली की तिच्यामागची भिंत दिसते. फोटोतली फांदी सरकवली की तिच्यामागे काहीच नसतं, कारण ती जागा कॅमेऱ्याने पाहिलेलीच नाही. म्हणजे सरकवणं हे एक काम नाही, दोन कामं आहेत. वस्तू नव्या जागी नेऊन बसवायची, आणि जुन्या जागी पडलेलं भोक भरायचं. पहिलं सोपं आहे. सगळा खेळ दुसऱ्यात आहे.

फोटोशॉप १९९० साली आलं. त्यानंतर बरीच वर्षं हे भोक हातानेच भरावं लागे. क्लोन स्टॅम्प घ्यायचा, शेजारचं गवत उचलायचं आणि इथे उमटवायचं. २००२ मध्ये हीलिंग ब्रश आला. तो उचललेला पोत नव्या जागेच्या रंगाशी आणि उजेडाशी जुळवून घ्यायचा. मग २००९ मध्ये पॅचमॅच नावाची पद्धत मांडली गेली. भोकाच्या कडा बघायच्या, त्यांच्याशी जुळणारे बारीक बारीक तुकडे त्याच फोटोत इतरत्र झपाट्याने शोधायचे आणि ते जोडत भोक बुजवायचं. फाटलेल्या गोधडीला तिच्याच कडेचं कापड काढून ठिगळ लावावं, तसं. २०१० मध्ये सीएस५ आवृत्तीत 'कंटेंट-अवेअर फिल' आलं आणि २०१२ मध्ये सीएस६ मध्ये 'कंटेंट-अवेअर मूव्ह'. हे दुसरं आपलं आजचं हत्यार. उचला, ठेवा, मागचं भोक ते बुजवतं. २०२३ पासून 'जनरेटिव्ह फिल'ही आहे. त्यात ठिगळ त्याच गोधडीचं नसतं. असंख्य इतर चित्रांवर शिकलेलं यंत्र नवंच कापड विणून देतं. दिसायला सुबक, पण आपल्या कामात जास्त धोक्याचं. त्याकडे पुढे येऊ.

आता करून बघू. समजा, भिगवणला उजनीच्या पाण्यात होडीतून काढलेला फोटो आहे. उथळ पाण्यात फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित पक्षी, चरतायत आणि त्यातल्या एकाच्या मानेला अगदी लागून पाण्यात रोवलेला एक बांबू दिसतोय. तो आपल्याला थोडा डावीकडे न्यायचाय. मूळ लेयरला हात लावायचा नाही. वर एक रिकामी लेयर घ्या आणि हत्याराच्या पट्टीत 'सँपल ऑल लेयर्स'वर खूण करा. म्हणजे जे होईल ते वरच्या लेयरवर होईल, आणि आवडलं नाही तर ती काढून टाकता येईल. मग बांबूभोवती हाताने रेघ ओढा. ती बांबूला चिकटून नको, भोवतीचं थोडं पाणी आत येऊ द्या. आणि पाण्यातलं प्रतिबिंब? ते घ्यायचं राहूनच जातं. मग बांबू एकीकडे आणि त्याचं प्रतिबिंब भलतीकडे, असा चमत्कार तयार होतो. उन्हातल्या सावलीचंही तसंच.

रेघ पूर्ण झाली की ओढून नव्या जागी सोडा. एंटर दाबायच्या आधी 'स्ट्रक्चर' आणि 'कलर' हे दोन आकडे खालीवर करून बघा. स्ट्रक्चर १ ते ७ असतो. तो जितका मोठा, तितका मूळ पोत काटेकोरपणे जपला जातो. कलर ० ते १०. तो वाढवला की रंग नव्या जागेत जास्त मिसळतो. नेमका आकडा कुठला, याचं एक उत्तर नाही. दर फोटोला बघावं लागतं. गिंप वापरणाऱ्यांनी वस्तू वेगळ्या लेयरवर कापून सरकवावी आणि भोक रीसिंथसायझर या प्लगइनने भरावं. थोडे कष्ट जास्त, पण फुकट आहे.

इथे जरा थांबू. आपण बांबू डावीकडे नेला, वर का नाही नेला? होडीतून बघताना जवळचं पाणी फोटोत खाली असतं आणि लांबचं वर. डावीउजवीकडे नेलेला बांबू आपल्यापासून साधारण तेवढ्याच अंतरावर राहतो. वर नेला, तर आपण तो लांब नेला. लांब नेलेली वस्तू लहान दिसायला हवी. शिवाय ५०० किंवा ६०० मिलिमीटरच्या लेन्सवर फोकसमधला पट्टा इतका अरुंद असतो, की तिचा धूसरपणाही बदलायला हवा. हे हत्यार ती अक्कल वापरत नाही. ते बांबू आहे तसा उचलून ठेवतं, आणि बघणाऱ्याला काहीतरी खटकतं, काय ते सांगता येत नाही. मुरलेल्या परीक्षकाला मात्र सांगता येतं. तो आणखीही दोन गोष्टी बघतो. एकच गवताचा झुबका किंवा एकच लाट दोनदा आलीय का, आणि भरलेल्या जागेतला नॉइजचा दाणा भोवतालपेक्षा गुळगुळीत आहे का. म्हणून काम झाल्यावर १०० टक्के मोठं करून सगळा फोटो एकदा चाळावा.

समजा, हे सगळं बेमालूम जमलं. तरी प्रश्न संपत नाही. "मी दोन पावलं बाजूला उभा असतो तर असंच दिसलं असतं," असं आपण स्वतःला समजावतो. हा बचाव जुना आहे. नॅशनल जिओग्राफिकच्या फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड होते. मूळ फोटो आडवा, मुखपृष्ठ उभं. मग संगणकावर दोन पिरॅमिड एकमेकांच्या जवळ आणले गेले. पिरॅमिड काही वन्यजीव नव्हेत, पण सरकवण्याचा विषय निघाला की हा फोटो टाळता येत नाही. त्या वेळी संपादकांचं म्हणणं साधारण हेच होतं, की छायाचित्रकार काही फूट बाजूला असता तर जे दिसलं असतं तेच हे. ऐकायला पटतं. पण आगगाडीच्या खिडकीतून बाहेर बघताना काय होतं आठवा. जवळचे खांब पळतात, मधली शेतं सावकाश सरकतात, लांबचा डोंगर जवळजवळ जागचा हलत नाही. छायाचित्रकार सरकला की सगळंच आपापल्या अंतराच्या हिशोबाने सरकतं. पिरॅमिडपुढून चाललेले उंटही वेगळ्या जागी दिसले असते. सॉफ्टवेअरमध्ये बाकी सगळं जागेवर राहतं आणि एकच वस्तू हलते. असं दृश्य कुठेही उभं राहून दिसत नाही.

वन्यजीवांच्या फोटोत ही बाब निव्वळ तात्त्विक राहत नाही. ताडोबाचं उदाहरण घ्या. तिथल्या जंगलात बांबू भरपूर, त्यामुळे वाघाच्या अंगावर आडवा आलेला बांबू ही नेहमीची तक्रार. आता तो बांबू वाघाच्या कुशीवरून सरकवला, तर भोक कशाने भरलं जाणार? पट्ट्यांनी. आणि प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. एकाच वाघाची डावी आणि उजवी कूससुद्धा सारखी नसते. देशातली व्याघ्रगणना कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंतल्या याच पट्ट्यांवरून वाघ ओळखते. ठिगळाने भरलेले पट्टे म्हणजे अस्तित्वातच नसलेला वाघ. ठिगळ बेढब असेल तर निदान कुणाच्या तरी लक्षात येईल. जनरेटिव्ह फिलने काढलेले पट्टे इतके खरे वाटतात, की कुणाला शंकाच येत नाही. आम्ही त्याला जास्त धोक्याचं म्हटलं ते यासाठी.

पट्टे सोडा, नुसतं अंतर घ्या. फोटोत वाघ आहे आणि मागे एक जिप्सी. जिप्सी फ्रेम बिघडवते म्हणून कुणी ती कडेला सरकवली. काढली असती, तर फोटोतली एक माहिती गेली असती. सरकवली, तर एक खोटी माहिती आली: गाडी वाघापासून पुरेशी लांब होती. हीच गाडी खूप जवळ होती की नाही, यावर उद्या वाद झाला तर हा फोटो चुकीची साक्ष देईल. मादी आणि पिल्लू, रानकुत्री आणि सांबर, घरट्याची फांदी आणि जमीन, यांच्यातलं अंतर हेच वर्तन अभ्यासणाऱ्याला हवं असतं. आणि आपले फोटो आता फक्त भिंतीवर लागत नाहीत, ते ईबर्ड, आयनॅचरलिस्टसारख्या ठिकाणी नोंद म्हणून जातात. १९९४ मध्ये आर्ट वुल्फ यांच्या 'मायग्रेशन्स' या पुस्तकावर वाद झाला तो याच धर्तीचा. कळपांच्या काही फोटोंत संगणकावर प्राणी वाढवून रिकाम्या जागा भरलेल्या होत्या. पुस्तकाच्या सुरुवातीला तसं सांगितलेलं होतं; पण एखादा फोटो पाहून कळपात खरे प्राणी किती, हे कळणार कसं?

म्हणूनच फियाप, फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका आणि रॉयल फोटोग्राफिक सोसायटी यांनी मिळून ठरवलेल्या निसर्गछायाचित्रणाच्या व्याख्येत फोटोतल्या घटकांची भर घालणं, ते बदलणं, काढणं आणि हलवणं, या चारही गोष्टी नाकारल्या आहेत. हलवणं वेगळं नाव घेऊन नाकारलंय, हे लक्षात घ्या. क्रॉप चालतो. सेन्सरवरच्या धुळीचे डाग, नॉइज, फिल्मवरचे ओरखडे काढलेले चालतात, कारण ते जंगलात नव्हतेच, कॅमेऱ्याने आणले.

मग त्या फांदीचं काय करायचं? आधी ती खटकते का, ते बघा. बहुतेक वेळा ती उजळ असते म्हणून डोळा तिच्याकडे जातो. तेवढ्या भागावर मास्क घेऊन उजेड उतरवा, रंग थोडा फिका करा, धार कमी करा. फांदी जागेवरच राहते, पण बोलायची थांबते. आमच्या अनुभवात एवढ्याने निम्म्याहून जास्त भांडणं मिटतात. उरलेल्यांपैकी काही क्रॉपने मिटतात. आणि जंगलात असतानाच दिसलं, तर स्वतः सरका. गाडीतून उतरता येत नाही, पण चालकाला "भाऊ, जरा एक फूट पुढे घ्या" म्हणता येतं. लेन्स खिडकीवरून बीनबॅगवर खाली आणता येते. फांदी जवळ असेल तर तेवढ्याने ती बाजूला होते, आणि मागचा वाघ जवळजवळ तिथेच राहतो. हाच तो आगगाडीचा नियम, इथे आपल्या बाजूने.

यानंतरही सरकवायचंच असेल, दिवाळीच्या शुभेच्छापत्रासाठी, कॅलेंडरसाठी, घरातल्या फ्रेमसाठी, तर खुशाल सरकवा. रॉ फाइल जपून ठेवा. मोठ्या स्पर्धा ती मागतातच. बदललेल्या प्रतीच्या नावातच 'बदललेला' असा शब्द घाला, म्हणजे तीन वर्षांनी तुमचीच गल्लत होणार नाही. आणि फोटोखाली एक ओळ लिहा: "रोहित, भिगवण. पाण्यातला बांबू संपादनात डावीकडे सरकवला आहे." एवढी ओळ पुरते.