कोळंबीच्या टँकवरचा तवंग

झाडं हिरवीगार, चेरी कोळंब्या पानांवरचं शेवाळ खुडत फिरताहेत, पाणी तळापर्यंत नितळ. तरीही डोळे पाण्याच्या पातळीला आणून पाहिलं, की वर धुरकट, तेलकट पापुद्रा दिसतो. बोट टेकवलं की सरकतो, उचललं की पुन्हा जुळतो.

कुजणारी पानं, उरलेलं खाद्य, नव्याने ठेवलेलं लाकूड यांतून प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ पाण्यात उतरतात. त्यांच्या रेणूंचं एक टोक पाण्याला धरून राहतं, दुसरं पाण्यापासून लांब पळतं, म्हणून ते पृष्ठभागावर येऊन दाटीने उभे राहतात. मग जिवाणू तिथेच बस्तान बसवतात. रोपवाटिकेत पाण्याबाहेर वाढलेली रोपं बुडवली, की त्यांची जुनी पानं विरघळू लागतात. नव्या टँकमध्ये तवंग हटकून येतो तो यामुळेही.

असे थर मोजण्याची रीत जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या आग्नेस पोकेल्स यांनी आपल्या स्वयंपाकघरात शोधली. विद्यापीठाचं शिक्षण मिळालं नव्हतं, तरी त्यांनी पत्र्याचं पसरट पात्र घेतलं, त्यातल्या पाण्यावर पट्टी सरकवून तवंग दाबला आणि पृष्ठताण कसा बदलतो ते टिपलं. १८९१ मध्ये त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिलं. रॅलेंनी ते ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाकडे पाठवलं आणि ते छापून आलं. विज्ञानात याहून देखणी पत्रं थोडीच असतील. अशा रेणूंचा एकेरी थर दोनेक नॅनोमीटर जाडीचा असतो, डोळ्यांना न दिसणारा. इंद्रधनुषी छटा उमटतात त्या थर शेकडो नॅनोमीटरपर्यंत वाढल्यावर. म्हणजे रंग दिसण्याच्या कितीतरी आधी तवंग धरलेला असतो.

तो हवा अडवतो, असं सर्रास म्हणतात. पातळ थराचा खरा उपद्रव वेगळा आहे: तो पाण्यावरच्या बारीक लहरी मारतो. पृष्ठभाग निजला की वरचं आणि खालचं पाणी नीट मिसळत नाही आणि ऑक्सिजन कमी उतरतो. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. रात्री झाडंही तोच वापरतात. त्यामुळे मे महिन्यातली पहाट कोळंब्यांना सगळ्यात कठीण जाते.

म्हणून आधी पाणी हलवा. फिल्टरचं तोंड पृष्ठभागाजवळ आणा किंवा एअर पंपावर स्पंज फिल्टर लावा. झाडांना कार्बन डायऑक्साइड देत असाल, तर पाणी फार खळबळलं की तो उडून जातो. अशा वेळी हवा रात्री सोडावी. आलेला तवंग उचलायला पंप बंद करून बिनवासाचा, बिनछापील टिश्यू पेपर पाण्यावर आडवा टेकवा आणि लगेच ओढून घ्या. खाली कोळंबी चिकटलेली नाही ना, तेवढं पाहा. पण खाद्य तितकंच पडत राहिलं, तर दोन दिवसांत तवंग हजर. कोळंब्या दोन-तीन तासांत संपवतील एवढंच घाला, पिवळी पानं कापून काढा आणि खोबरेल किंवा क्रीम लावलेला हात टँकमध्ये घालू नका.

बाजारात पृष्ठभाग ओढून घेणारे स्किमर मिळतात. काम चोख करतात, पण कोळंबीची पिल्लं जन्मतः दोनेक मिलिमीटरची असतात आणि पाण्यासोबत आत खेचली जातात. पिल्लं असलेल्या टँकमध्ये स्किमर दिवसातून थोडाच वेळ, आणि तोही समोर बसून चालवावा.