बाद फेरीतली चाळीस मिनिटं

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा ड्रॉ नोटीस बोर्डावर लागला की सगळे आधी एकच गोष्ट शोधतात: पहिला सामना कोणाशी? मुलींच्या बास्केटबॉल संघासाठी हा प्रश्न फारच महत्त्वाचा. कारण स्पर्धा बाद पद्धतीची असेल, तर पहिला सामना हाच कित्येकदा वर्षातला शेवटचा सामना ठरतो.

हिशोब करून बघा. समजा १२ संघ आले. बाद पद्धतीत प्रत्येक सामन्याला एक संघ घरी जातो, म्हणजे विजेता ठरायला ११ सामने पुरतात. १२ हा आकडा दोनाच्या पटीत १६ पर्यंत नीट बसत नाही, म्हणून चार संघांना ‘पुढे चाल’ मिळते; उरलेले आठ पहिल्या फेरीत खेळतात. त्यातले चार तिथंच संपतात. पुढे चाल मिळालेले चारही संघ दुसऱ्या फेरीत हरले, तर एकूण आठ संघ एकेक सामना खेळून घरी. आयोजकांच्या दृष्टीनं हे सोयीचं: मैदान कमी, पंच कमी, दिवस कमी. पण खेळणाऱ्या मुलीच्या बाजूनं बघितलं, तर दहा-दहा मिनिटांचे चार डाव, एकूण चाळीस मिनिटं. पदवीच्या तीन वर्षांत दरवर्षी पहिल्याच फेरीत हरलेल्या संघाचा खेळ होतो १२० मिनिटांचा. त्यातही संघात बाराजणी, कोर्टवर पाचच. बाकावरच्या मुलीच्या वाट्याला काय येतं, ते सांगायला नको.

पेडणे, डिचोलीकडून येणाऱ्या मुलींच्या बाबतीत हे जास्त लागतं. वाड्यावर खो-खो, कबड्डी, व्हॉलीबॉल सहज खेळता येतो. नेट नसलं तर दोरी बांधली की झालं. बास्केटबॉलला मात्र पक्कं कोर्ट हवं आणि जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवर रिंग हवी. त्यामुळे चेंडू पहिल्यांदा हातात येतो तो कित्येकींच्या कॉलेजातच. ड्रिबल, पास, लेअप हे सरावात शिकता येतं. पण चेंडू आठ सेकंदांत अर्ध्या रेषेपलीकडे न्यायचा, चोवीस सेकंदांत बास्केटवर मारायचा, चार फाऊल झाले असताना पाचवा टाळून बचाव करायचा, हे अंगात मुरतं ते खऱ्या सामन्यातच. साधी चेंडूचीच गोष्ट घ्या. मुलींचा चेंडू सहा नंबरचा, मुलांचा सात नंबरचा, मोठा आणि जड. सराव मुलांच्या चेंडूनं केला, तर सामन्यात पहिले चार-पाच शॉट अंदाज चुकून बोर्डावर आदळणारच. अंदाज येईस्तोवर दुसरा डाव सुरू.

शिवाय या स्पर्धेतून विद्यापीठाच्या संघासाठी मुली हेरल्या जातात. पूर्वी गोव्यातली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. १९८५ साली गोवा विद्यापीठ झालं, तेव्हा आपल्याला आपला स्वतंत्र संघही मिळाला. तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. तिथं समोर महाराष्ट्रातली मोठाली विद्यापीठं असतात. भारताची कर्णधार राहिलेली शिरीन लिमये पुण्याची, म्हणजे त्या बाजूचा खेळ कुठल्या दर्जाचा असू शकतो ते कळावं. निवडणाऱ्यांनी एखादीला चाळीसच मिनिटं पाहिली आणि नेमका तोच तिचा वाईट दिवस असला, तर ती राहिली!

या खेळाच्या जन्माची गोष्ट इथं आठवते. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेत स्प्रिंगफील्डला, यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या प्रशिक्षण शाळेत, जेम्स नायस्मिथ या शिक्षकानं तो तयार केला. थंडीत बाहेर खेळता येईना, म्हणून छपराखालचा खेळ हवा होता. त्यानं पीच फळांच्या टोपल्या टांगल्या. वाईट हवेपासून सुटका म्हणून काढलेला हा खेळ आपण उघड्या कोर्टवर खेळतो आणि जूनपासून शेवाळ धरलं की सराव बंद करतो. मग चतुर्थीची सुट्टी. सराव राहतोच कितीसा!

जवळच्याच स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेनं १८९३ साली मुलींचा सामना घेतला. पण मुलींना दम लागेल म्हणून तिनं कोर्टचे तीन भाग पाडले. आपला भाग ओलांडायचा नाही, दुसरीच्या हातातला चेंडू हिसकायचा नाही. पुरुषांचा बास्केटबॉल १९३६ साली ऑलिंपिकमध्ये आला, बायकांचा यायला १९७६ उजाडलं. कोर्टवरच्या त्या रेषा आता गेल्या. सामन्यांची संख्या मात्र अजून आखडतीच आहे.

अमेरिकेतल्या कॉलेजांतही बाद फेरी असते, पण हंगामाच्या शेवटी. आधी गटातली कॉलेजं महिनोन् महिने एकमेकांशी खेळतात. मग गटाची बाद स्पर्धा होते आणि तिची विजेती थेट राष्ट्रीय स्पर्धेत जाते. हंगामभर हरलेला संघही तिथं तीन-चार दिवस चांगला खेळून पुढे जाऊ शकतो. बाद फेरीची मजा खरी तीच. आधी काही खेळलेलंच नसेल, तर ती मजा कुठून येणार?

इतका मोठा हंगाम आपल्याला परवडणार नाही, कबूल. १२ संघांची पूर्ण साखळी म्हणजे ६६ सामने (ही साखळी म्हणजे डिचोली तालुक्यातली नव्हे). पण मधला मार्ग आहे. तीन-तीन संघांचे चार गट करा. प्रत्येक गटात तीन सामने, एकूण १२. मग चार गटविजेत्यांचे दोन उपांत्य सामने आणि एक अंतिम. झाले १५. बाद पद्धतीपेक्षा चारच सामने जास्त, आणि प्रत्येक संघाला निदान दोन सामने नक्की मिळतात. पहिल्यात चाळीस गुणांनी हरलेली मुलगी दुसऱ्यात काहीतरी सुधारून खेळू शकते.

मधल्या विश्रांती धरून एक सामना दीड तासात उरकतो. म्हणजे एका कोर्टवर सकाळी नऊ ते दुपारी तीन चार सामने बसतात. सगळा वाढीव खर्च एका दिवसाचा. त्यात पेडणे-डिचोलीच्या मुली असलेल्या संघांचे सामने सकाळी लावले, तर त्यांना पणजीच्या कदंबा स्टँडवरून संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या आधीची बस मिळेल.