गाडी झटके देतेय? इंजेक्टर बदलण्याआधी हे तपासा

सिग्नलला थांबल्यावर पेट्रोल गाडी थरथरते, पिकअप मिळत नाही, ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो. मेकॅनिक म्हणतो, ‘इंजेक्टर गेले, चारही बदला.’ लगेच होकार देऊ नका; आधी स्कॅनर लावायला सांगा.

‘पी०३०२’ कोड म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर. दोष प्लग, कॉइल किंवा इंजेक्टरचाही असू शकतो. म्हणून प्रत्येक भाग आळीपाळीने तीन नंबरच्या सिलिंडरशी अदलाबदल करून पाहायला सांगा. ज्या भागानंतर कोड ‘पी०३०३’ होतो, दोष बहुधा त्यातच.

इंजेक्टरमध्ये कचरा अडकला असेल तर सफाईने भागू शकते. आतले वाइंडिंग जळले असेल तर बदलावाच लागतो. बसवताना ओ-रिंग नवीच हवी, नाहीतर पेट्रोल गळून आगीचा धोका.

दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. न जळलेल्या पेट्रोलमुळे महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होऊ शकतो.