शंभर झाडे, एकच केळ

बुऱ्हाणपूरचे रेल्वे स्थानक ज्या लालबागेत आहे, तेथून ताप्तीकाठच्या शिवाराकडे निघावे, तर लागवड मृगबागेची असो वा कांदेबागेची, नजरेत भरते ती केळीच. आणि ती बहुतेक जुन्या बसराई वाणाला मागे सारून स्थिरावलेली, ऊतिसंवर्धित ग्रँड नैन असते. या केळीला बी धरत नाही. मुनवा लावा की प्रयोगशाळेतले रोप, मूळ झाडाचीच प्रत जमिनीत जाते, आणि म्हणून सबंध मुलखातील असंख्य खोडे जनुकीय दृष्ट्या जवळजवळ एकच झाड ठरतात. व्यापाऱ्याला हा सारखेपणा मानवतो, कारण घड मापात उतरतात. रोगालाही तो तितकाच मानवतो. ग्रो मिशेल ही जात पनामा मर रोगाने गेल्या शतकाच्या मध्यास निर्यातीच्या व्यापारातून हद्दपार केली, तिच्या जागी ग्रँड नैन ज्यातली, ते कॅव्हेंडिश कुळ आले, आणि त्या कुळालाही ग्रासणारा टीआर-४ हा बुरशीचा प्रकार बिहार व उत्तर प्रदेशात आढळला आहे.

तेव्हा वैविध्य किती उरले, याचा ताळेबंद मांडणे अगत्याचे ठरते. त्यासाठी आज्ञावली लिहिता येण्याची अट आता राहिलेली नाही. रॉड पीकॉल आणि पीटर स्माउस या दोघा शास्त्रज्ञांचे जेनॅलेक्स हे सॉफ्टवेअर, ज्याची सहावी आवृत्ती २००६ साली प्रसिद्ध झाली, ते एक्सेलच्या आतच चालते आणि विनामूल्य मिळते. पहिल्या ओळीत जनुकस्थाने किती, नमुने किती, समूह किती हे भरावे. खाली प्रत्येक झाडाला एक ओळ आणि प्रत्येक स्थानाला दोन रकाने द्यावेत. पुढचे काम यादीतला पर्याय निवडण्याचे. खतावणी लिहिणाऱ्या कारकुनालाही हे जड जाऊ नये. वैविध्याचा आतला हिशेबही गूढ नाही: एका स्थानी आढळणाऱ्या प्रत्येक रूपाच्या वाट्याचा वर्ग करून बेरीज घ्यायची आणि ती एकातून वजा करायची. दोन रूपे नवास एक असतील तर उत्तर ०.१८, निम्मी-निम्मी असतील तर ०.५०.

गोम येथेच आहे. समजा, शंभर मळ्यांतून पाने आणली, आणि एखाद्या जनुकस्थानी प्रत्येक झाडात तीच दोन निरनिराळी रूपे निघाली. तर वाटे निम्मे-निम्मे पडतात आणि तक्ता ०.५० दाखवतो, म्हणजे दोन रूपांत शक्य तेवढे सर्वाधिक वैविध्य, जरी शिवारात झाड एकच असले तरी! असा आकडा एखाद्या अहवालात बिनदिक्कत छापला जाऊ शकतो. त्याची रुजवात घालायची तर सरासरी बाजूला ठेवून, सर्व स्थाने जुळणारे नमुने शोधणारा पर्याय आधी चालवावा आणि वेगळी झाडे किती, हे मोजावे.

दुसरा पेच खास केळीचा. ग्रँड नैनमध्ये गुणसूत्रांचे तीन संच असतात, आणि दोन रकान्यांची ती मांडणी द्विगुणितांसाठी केलेली. म्हणून तिसरे रूप दडपण्यापेक्षा चाचणीत त्या-त्या रूपाचा पट्टा दिसला तर १, नाही तर ० अशी नोंद करणे अधिक प्रामाणिक. प्रती एकाच झाडाच्या असतील तर तेथे सर्व ओळी सारख्या येतात आणि वैविध्य शून्य निघते. मात्र त्या १ मागे रूपाची एक प्रत आहे, दोन की तीन, हे तक्ता सांगत नाही.